दोन कुलपांची ॲम्ब्युलन्स

ऐकताय ना? मी ॲम्ब्युलन्स. तुम्ही मला सायरनवरून ओळखता. पण माझा सायरन आता वाजत नाही, म्हणून साध्या आवाजात बोलते. थोडं जवळ येऊन ऐका.

गाडी म्हणून माझा जन्म दूर कुठल्या तरी कारखान्यात झाला. ॲम्ब्युलन्स झाले ती मात्र हुबळीत. तिथल्या एका शेडमध्ये माझ्या मागच्या सीट काढल्या, स्ट्रेचर बसवलं, ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी कडी ठोकली आणि मला पांढरा रंग दिला. सहा वर्षं मी एका खासगी दवाखान्यात काम केलं. मग त्यांना नवी गाडी मिळाली आणि मी विकायला निघाले. मला वाटलं, आता भाजी नाहीतर कोंबड्या वाहायच्या. पण मला दुसऱ्यांदा ॲम्ब्युलन्सच व्हायचं होतं, आणि तेही एका भांडणानंतर.

हुबळीजवळच्या नवनगरच्या पलीकडे, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं कामगारांची एक वसाहत आहे. चढावर वरची ओळ, उतारावर खालची ओळ. वरच्या ओळीत बहुतेक मराठी बोलणारी घरं, खालच्या ओळीत कन्नड. मधे एक जुनी मोठी विहीर. वरचे तिला थोरली विहीर म्हणत, खालचे हिरेबावी. अर्थ एकच. चाळीस वर्षं दोन्ही नावांनी तिचं पाणी भरलं, कुणाला काही अडलं नाही.

मग तिथं बसचा थांबा झाला आणि थांब्याला पाटी हवी झाली. पाटीवर नाव एकच मावत होतं.

एके सकाळी पाटीला काळं फासलेलं दिसलं. दुपारी दगड आले. संध्याकाळपर्यंत तीन टपऱ्या जळाल्या. खालच्या ओळीतल्या गुरुसिद्दप्पांच्या धाकट्या भावाचा डोळा गेला. वरच्या ओळीतल्या दत्तात्रेयरावांचा मुलगा साकेत कॉलेजातून घरी येत होता, त्याच्या डोक्यात दगड बसला. तो रस्त्यावर पडून होता. दोन्ही तोंडांना टायर जळत होते, एकही गाडी आत यायला तयार नव्हती. साकेत तिथंच गेला.

हे मी पाहिलेलं नाही. पण या वसाहतीत आल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे.

त्यानंतर पाच महिने वरची माणसं खालच्या वाटेनं जात नव्हती. विहिरीवर बायका वेळा वाटून घेऊन यायच्या. अशात पुढं आल्या त्या हेमावतीबाई. निवृत्त शिक्षिका, नागरिकशास्त्र शिकवायच्या. सगळे त्यांना अक्कोर म्हणायचे. आमच्याकडं शिकवणाऱ्या बाईला तसंच म्हणतात. दोन्ही ओळींतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून शिकलेली. घरच्या मराठी, पण त्यांचं कन्नड ऐकून कुणी तसं म्हणणार नाही. त्या दारोदार फिरल्या आणि दोन्ही भाषांत एक करार लिहिला.

समिती सहा जणांची, तिघे वरचे, तिघे खालचे. अध्यक्ष एक वर्ष खालचा, एक वर्ष वरचा. प्रत्येक घर एका यादीत, वरच्या किंवा खालच्या. मोठ्या निर्णयाला दोन्ही बाजूंची संमती. कुठलीही एक बाजू ‘नको’ म्हणाली तर निर्णय थांबेल. थांब्याच्या पाटीवर वर्षभरात दोन्ही नावं. दंगलीच्या खटल्यांबद्दल एक ओळ. आणि दोघांच्या मालकीची एक ॲम्ब्युलन्स, दोन ड्रायव्हर, एक आठवडा वरचा, एक आठवडा खालचा.

ती मी. शाळेच्या व्हरांड्यासमोर मला उभं केलं आणि माझ्याच बॉनेटवर कागद ठेवून सगळ्यांनी सह्या केल्या. गुरुसिद्दप्पा जुने मुकादम, सही करताना त्यांचा हात जड चालला. दत्तात्रेयराव तालुका कचेरीत कारकून होते. त्यांनी सही सुरेख केली आणि पेन बंद करायला विसरले. अक्कोर म्हणाल्या, “दत्तोबा, गुरुसिद्दप्पा, आता एकमेकांकडं बघा तरी.” दोघांनी बघितलं. एवढंच.

माझ्या अंगावर लिहिण्यावरूनही दोन बैठका झाल्या. शेवटी डाव्या बाजूला मराठी वर आणि कन्नड खाली, उजव्या बाजूला कन्नड वर आणि मराठी खाली असं ठरलं. पुढं इंग्रजीत उलटी अक्षरं होती. त्यांवरून मात्र कुणी भांडलं नाही.

हसू नका. त्या पहिल्या वर्षात तो करार खरा होता. मी शपथेवर सांगते.

वरचा ड्रायव्हर प्रेमानंद. बौद्ध घरातला, वडील जिनमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचे. सकाळी गाडीला हात लावण्याआधी ‘जय भीम’ म्हणायचा, मला म्हणायचा की स्वतःला, कोण जाणे. खालचा ड्रायव्हर बसवंत, सगळ्यांचा बसू. सुरुवातीला दोघं किल्ली हातात न देता सीटवर ठेवून जायचे. मग एकदा कलघटगीच्या रस्त्यावर माझं चाक पंक्चर झालं, आत खालच्या ओळीतली एक म्हातारी धापा टाकत होती. बसूनं सुट्टीवरच्या प्रेमानंदला फोन केला. तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर जॅक घेऊन आला. म्हातारी वाचली. परतताना दोघांनी एका टपरीवर चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं आणि त्या दिवसापासून ते एकमेकांना प्रेमाण्णा, बसू म्हणू लागले.

त्या वर्षी मी एकशे चौदा माणसं नेली. दोन पोरं माझ्यातच जन्मली. कुणालाही ‘तुमचं घर कुठल्या यादीत’ असं विचारल्याचं मला आठवत नाही.

प्रेमानंदची धाकटी बहीण सुकन्या भावाला डबा द्यायला वसाहतीतल्या माझ्या शेडवर यायची. हुबळीत एका लॅबमध्ये कामाला होती. डबा द्यायला ती बसूच्या आठवड्यातही येऊ लागली, तेव्हा मला कळलं. प्रेमानंदला कळायला दोन महिने लागले. त्यानं बसूला फक्त एवढंच विचारलं, “तुझी अव्वा काय म्हणते?” बसू म्हणाला, “अव्वा म्हणती, पोरगी आमटी चांगली करती काय.” दोघं हसत सुटले.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. वरची आली, खालची आली. सुकन्याची आई यल्लव्वा आणि बसूची आई, दोघी माझ्या पायरीवर बसून वाफाळता चहा प्याल्या. अक्कोर म्हणाल्या, “माझा करार कागदावर होता, आज पायांवर उभा राहिला.”

दुसऱ्याच बैठकीत प्रश्न आला: हे घर कुठल्या यादीत घालायचं?

वरच्या यादीत एकसष्ट घरं होती, खालच्या यादीत अठ्ठावन्न. अक्कोर म्हणाल्या, तिसरी यादी करू, ‘दोन्हीकडचे’. दत्तात्रेयरावांच्या बाजूनं ‘नको’ आलं. उद्या आमची सगळी पोरं तिकडं गेली तर? गुरुसिद्दप्पांच्या बाजूनंही ‘नको’ आलं. या एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. बसू-सुकन्याचं घर कुठल्याच यादीत नाही असं राहिलं. सुकन्या हसून म्हणाली, “राहू दे की अक्कोर. यादीत नसलो म्हणून भूक लागत न्हाई का आम्हाला?”

वर्ष संपलं. आता अध्यक्षपद वरच्या ओळीकडं जायचं होतं, आणि तिथं गाडं अडलं.

दत्तात्रेयराव म्हणाले, वर्षात पाटी लावायची होती, लागली नाही, आधी पाटी. गुरुसिद्दप्पा म्हणाले, आधी आमच्या पोरांवरचे खटले मागं घ्या, तसं करारात आहे. दत्तात्रेयराव म्हणाले, तसं करारात नाही. दोघांनी आपापला कागद काढला, आणि दोघंही बरोबर होते. मराठी कागदात लिहिलं होतं, ‘खटले समजुतीने मिटवण्याचा प्रयत्न करावा.’ कन्नड कागदात अर्थ निघत होता, ‘खटले मागे घ्यावेत.’

सगळे अक्कोरकडं बघू लागले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, “तो शब्द मी मुद्दाम मऊ ठेवला. नाहीतर तुम्ही दोघांनी सह्याच केल्या नसत्या. मला वाटलं, वर्षभर एकत्र राहिलात की पुढचं तुम्हीच ठरवाल.”

“माझा मुलगा गेलाय, अक्कोर,” दत्तात्रेयराव म्हणाले. “तो मऊ शब्दात कसा बसवायचा?”

गुरुसिद्दप्पांनी मान खाली घातली. पण त्यांच्या मागं ज्यांची पोरं कोर्टाच्या फेऱ्या मारत होती ते बाप बसले होते. त्यांना सोडून मागं हटायची सोय त्यांनाही राहिली नव्हती.

मग ‘नको’ म्हणायची सवयच लागली. पाटीला नको, नव्या अध्यक्षाला नको, हिशेबनीसाला नको. माझी बॅटरी अशक्त झाली होती. प्रेमानंदनं आणि बसूनं मिळून अर्ज दिला, नवी बॅटरी घ्या. वरच्या बाजूनं सांगितलं, अध्यक्ष बदलेपर्यंत आम्ही कशालाच संमती देणार नाही. तुम्ही म्हणाल, गाडीच्या बॅटरीशी राजकारणाचा काय संबंध? मलाही तेच वाटायचं.

निवडणूक जवळ आली तसे बाहेरचे पुढारीही येऊ लागले. एक खालच्या ओळीत भाषण करून गेला, एक वरच्या. त्यानंतर अफवा उठली की मला एक बाजू पळवून नेणार. दुसऱ्या दिवशी खालच्यांनी माझ्या शेडच्या दाराला कुलूप घातलं. दुपारी वरच्यांनी त्याच कडीत आपलं कुलूप अडकवलं. एक किल्ली गुरुसिद्दप्पांकडं, एक दत्तात्रेयरावांकडं. नियम असा निघाला की दोन्ही बाजूंची माणसं आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

अक्कोर म्हणाल्या, “अरे, तातडीच्या वेळी काय करायचं?”

“तेव्हा उघडू की,” दोन्हीकडून उत्तर आलं. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. वाईट माणसं नव्हती ती.

चार महिने मी अंधाऱ्या शेडमध्ये उभी. फटीतून वसाहतीचा रस्ता तेवढा दिसायचा. आजारी माणसं रिक्षानं, दुचाकीवर मधे बसवून जाताना दिसायची. सुकन्याही दिसायची, पोट पुढं आलेलं, कामावर निघालेली. जाताना शेडच्या पत्र्यावर थाप मारायची. “येते ग,” म्हणायची.

तो सोमवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. आठवा महिना चालू होता तिचा. अचानक रक्तस्राव सुरू झाला. बसू घरीच होता. त्यानं सरकारी गाडीला फोन केला. गाडी लांबच्या रुग्णाला घेऊन गेलेली, यायला पाऊण तास तरी लागणार होता. तो गुरुसिद्दप्पांकडं धावला. प्रेमानंद दत्तात्रेयरावांकडं.

गुरुसिद्दप्पा किल्ली घेऊन लगेच आले. कुलपाजवळ आले आणि थांबले. त्यांच्या बाजूचा एक जण कानाशी लागला होता. “आधी आपण उघडलं तर उद्या कोर्टात सांगतील, आपणच नियम मोडला.” गुरुसिद्दप्पा बसूला म्हणाले, “दत्तोबांना येऊ दे, तम्मा. दोघं मिळून उघडू. आत्ता येतील.”

दत्तात्रेयरावांच्या घरी काय झालं ते मला प्रेमानंदच्या तोंडून कळलं. दारातच त्यांनी विचारलं, “कुठल्या यादीतलं घर?”

“काका, माझी बहीण हाय.”

“यादी कुठली?”

“कुठलीच न्हाई, काका. तुमाला म्हाईत हाय.”

दत्तात्रेयराव भिंतीवरच्या साकेतच्या फोटोकडं बघत राहिले. म्हणाले, “माझ्या पोराला गाडी मिळाली नाही, प्रेमानंद. तेव्हा कुणी कुलूप उघडलं होतं?” प्रेमानंदनं त्यांचे पाय धरले. ते किल्ली शोधू लागले, तर किल्ली त्यांच्याच खिशात होती. बाहेर आले ते चप्पल न घालताच.

दोघं दारासमोर उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात किल्ली. आणि दोघंही थांबले, आधी दुसऱ्यानं लावावी म्हणून. अर्धं मिनिट असेल. मी आतून फटीतून ते बघत होते. माझ्याइतकं लांब अर्धं मिनिट कुणी पाहिलं नसेल.

यल्लव्वा किंचाळली, “उघडा रे! रांडेच्यानो, उघडा!”

दोन्ही कुलपं निघाली. बसूनं आणि त्याच्या आईनं सुकन्याला आणून स्ट्रेचरवर ठेवलं. प्रेमानंदनं चावी फिरवली.

मी सुरू झाले नाही.

आता दोष कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा, पण त्या क्षणी नाही म्हणणारी मी होते. चार महिने उभी राहून बॅटरी पार उतरली होती. प्रेमानंद पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता, आणि माझ्यातून एक टकटक तेवढी येत होती.

“ढकला!” अक्कोर ओरडल्या.

आणि ढकललं सगळ्यांनी. वरचे, खालचे, म्हातारे, बायका. गुरुसिद्दप्पांचा एका डोळ्याचा भाऊ डाव्या बाजूला, दत्तात्रेयराव अनवाणी उजव्या बाजूला. दीड वर्षात इतके हात एकत्र माझ्या अंगाला लागले नव्हते. उतारावर आले तशी मी धडधडले आणि सुरू झाले.

यल्लव्वा आणि बसू माझ्यात तिच्याजवळ बसले होते, सुकन्या शुद्धीवर होती. आईशी मराठीत बोलायची, नवऱ्याशी कन्नडमध्ये, एकाच वाक्यात. दोन वेगळ्या भाषा बोलतोय असं तिला कधी वाटलंच नसावं. म्हणाली, “आई, थंडी वाजतीया.” मग बसूला म्हणाली, “बेग होगु अंत हेळ अण्णाग.” अण्णाला म्हणावं, लवकर चल. अण्णा जिवाच्या आकांतानं चालवत होता. नवनगरच्या अलीकडं तिचं बोलणं थांबलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळ वाचवलं. मुलगी. सुकन्या गेली. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “अर्धा तास आधी आणायला हवं होतं.” प्रेमानंद माझ्या पुढच्या चाकापाशी खाली बसला आणि तिथंच बसून राहिला.

मला वाटलं होतं, आता तरी. ज्या हातांनी मला ढकललं ते हात आता एकमेकांना सोडणार नाहीत. पण चौथ्या दिवशी शेडसमोर बैठक बसली आणि पहिला प्रश्न निघाला: आधी कोण आलं, नंतर कोण आलं? खालचे म्हणाले, आमची किल्ली वीस मिनिटं आधी हजर होती. वरचे म्हणाले, हजर होती तर उघडली का नाही? बॅटरी कुणी अडवली? अध्यक्षपद कुणी अडवलं? सुकन्याचं नाव दोन्हीकडून येत होतं, दगड फेकावा तसं.

बसू आणि प्रेमानंद त्या दिवशी शेवटचं बोलले.

“तुझी माणसं किल्ली घिऊन नुसती हुबी हुती,” प्रेमानंद म्हणाला.

“तुमच्या काकानं यादी विचारली, प्रेमाण्णा. तुझ्या बहिणीची यादी.”

दोघांचंही दुःख एकच होतं, पण त्यांना ते वाटून घेता आलं नाही. बसू बाळ घेऊन आईबरोबर खालच्या ओळीतच राहिला. प्रेमानंदनं किल्ली माझ्या सीटवर ठेवली आणि हुबळीत ट्रकवर नोकरी धरली.

एका दुपारी दत्तात्रेयराव एकटे आले. माझ्या मागच्या दारातून आत चढले आणि स्ट्रेचरवर हात ठेवून बसले. म्हणाले, “नको म्हणता येत होतं, तेवढंच माझ्या हातात उरलं होतं. ते धरून बसलो. पोराला धरून बसावं तसा.” कुणाला म्हणाले, माहीत नाही. तिथं मीच होते. मी त्यांना माफ केलं का? गाडीनं माफ करून काय होतं. ज्यांनी करायचं त्यांच्यापर्यंत ते गेलेच नाहीत.

अक्कोरनी एक नवी ओळ लिहून आणली: जीव धोक्यात असेल तेव्हा कुणाचीही संमती लागणार नाही, कुणाची यादी विचारली जाणार नाही. गुरुसिद्दप्पांनी सही केली, त्यांच्या मागच्या बापांनी नाही. दत्तात्रेयरावांनी सही केली, त्यांच्या मागच्या एकसष्ट घरांतून दुसरं कुणी पुढं आलं नाही. अक्कोर तो कागद घेऊन तीन वेळा फिरल्या. मग त्यांचे गुडघे धरले.

गेल्या आठवड्यात शेवटची बैठक झाली. सगळं किती सोपं होतं म्हणून सांगू! करार मोडायचा, समिती मोडायची. वरच्यांची वेगळी ॲम्ब्युलन्स, खालच्यांची वेगळी. शेडच्या मधून भिंत. या निर्णयाला कुणीही ‘नको’ म्हणालं नाही. टाळ्यासुद्धा वाजल्या.

तेव्हा यल्लव्वा उठली. नातीला कडेवर घेऊन आली होती. बैठकीत अक्कोर सोडल्या तर बाया बोलत नाहीत, पण तिला बस म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

ती म्हणाली, “दोन गाड्या करा. चार करा. मी कशाला न्हाई म्हणू? फक्त एवढं सांगा. ही आजारी पडली तर ह्यातली कुठली येणार?”

गुरुसिद्दप्पा टॉवेलनं डोळे पुसत राहिले. दत्तात्रेयराव जमिनीकडं बघत होते. यल्लव्वा थोडा वेळ उभी राहिली, एकेकाच्या तोंडाकडं बघत, मग पोरीला सावरून निघून गेली.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. माझं काही अडलेलं नाही, मी खूप माणसं पोचवली. तुम्ही भांडणं मिटवायला बसाल तेव्हा करार जरूर लिहा. मी त्याचं चांगलं वर्ष पाहिलंय, ते खोटं नव्हतं. पण लिहिताना थांबवायचा हक्क जितक्या काळजीनं वाटाल, तितक्याच काळजीनं निघायची वाटही ठेवा. आणि दोन ओळींच्या मधे कुणी राहतं का, ते जाऊन बघून या.

पोरीचं नाव राणी. सात महिन्यांची झाली. कालपासून तिला ताप आहे, असं शेडवरून जाणाऱ्या बायका बोलत होत्या. फोन कुणाला करायचा, हे अजून ठरलेलं नाही.